हिरव्या प्रवासाचे भाडे कोणी द्यायचे?

मुंबई-पुण्यातील मोठ्या कंपन्यांना अलीकडे पर्यावरणाची चिंता लागली आहे. विजेवर चालणाऱ्या बस, सामायिक मोटारी, मेट्रोच्या पासासाठी मदत अशा सवलती कर्मचाऱ्यांसाठी जाहीर होतात आणि वार्षिक अहवालांत त्यांचा डांगोरा पिटला जातो. कामावर जाण्यायेण्याने होणारे प्रदूषण घटावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या सवलती कोणाच्या पदरात पडतात आणि त्यांच्या झगमगाटात कोणाची जबाबदारी झाकली जाते, हे तपासले पाहिजे.

ज्या इमारतीच्या दारात कंपनीची वातानुकूलित बस थांबते, त्याच इमारतीतील सफाई कामगार, पहारेकरी आणि उपाहारगृहातील वाढपी कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. कंपनीच्या लेखी ते तिचे कर्मचारीच नाहीत. मग बसमध्ये त्यांना जागा कोठून असणार? घरापासून कचेरीपर्यंत मालकाने दिलेल्या वाहनाची सोय प्राप्तिकर कायदा उत्पन्नात धरत नाही. पण ज्याचे वेतन करपात्र मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, त्याने ही सवलत घेऊन करायचे काय?

वस्तुतः हाच वर्ग पिढ्यान्‌पिढ्या लोकलने, बसने, सायकलने आणि पायी कामावर जात आला आहे. त्याचे बक्षीस त्याला काय मिळाले? 9 मे 2025 पासून बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. किमान भाड्याच्या अंतरात रोज तिकीट काढून ये-जा करणाऱ्या कामगाराला महिन्याच्या 26 दिवसांसाठी 260 ऐवजी 520 रुपये मोजावे लागतात. ज्याच्याकडे मोटार आहे त्याने ती घरी ठेवावी म्हणून आमिष, आणि ज्याच्याकडे ती कधीच नव्हती त्याला भुर्दंड, असा हा न्याय आहे. बेस्टच्या ताफ्यात खाजगी कंत्राटदारांच्या भाडेतत्त्वावरील बस आल्या, तेव्हा त्यांच्या चालकांच्या वाट्याला तुटपुंजे वेतन आले. ऑगस्ट 2023 मध्ये या चालकांना पगारवाढीसाठी संप करावा लागला. धूर न सोडणारी बस माणसाला पिळून चालवली जात असेल, तर तिला हिरवी कसे म्हणावे?

यावर उपाय नाही असे नाही. फ्रान्सने 12 जुलै 1971 च्या कायद्याने पॅरिस परिसरातील मालकांवर सार्वजनिक वाहतुकीसाठी वेतनखर्चाच्या प्रमाणात अंशदान लादले आणि 1973 पासून अन्य मोठ्या शहरांनाही ते लागू करण्याची मुभा दिली. हे पाऊल कोणा समाजवादी सरकारने उचलले नव्हते. तेव्हा अध्यक्षपदी उजव्या पक्षाचे पाँपिदू होते. पुढे 1982 मध्ये, मित्तराँ यांच्या काळात, कामगाराच्या पासाचा वाटा उचलणे पॅरिस परिसरातील मालकांना बंधनकारक झाले. 2009 पासून देशभर निम्म्या पासाचा खर्च मालकाने द्यावा लागतो. कामगार दारात पोहोचतो म्हणूनच कारखाना आणि कचेरी चालते, हे साधे सत्य तेथे कायद्याने मान्य केले.

येथे असा विषय काढताच उद्योग बुडतील अशी हाकाटी सुरू होईल. महाराष्ट्राने 1975 साली रोजगार हमी योजनेसाठी व्यवसाय कर बसवला. शहरातील पगारदारांनी तो भरला आणि दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम मिळाले. पगारदाराच्या खिशातून सामाजिक कार्यासाठी कर घेता येतो, तर ज्यांचा नफा रोज लोकलच्या गर्दीतून चेंगरत येणाऱ्या श्रमिकांवर उभा आहे, त्या मालकवर्गालाच सूट कशासाठी?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. मोठ्या आस्थापनांकडून वेतनखर्चावर वाहतूक अंशदान घ्यावे आणि ते केवळ सार्वजनिक बससेवेसाठी राखून ठेवावे. कंत्राटी कामगारासह प्रत्येकाच्या पासाचा निम्मा भार मुख्य मालकाने उचलावा. बसच्या चालक-वाहकांना कायम नोकरी आणि योग्य वेतन मिळावे. कामगार संघटनांनी पुढील वेतन करारांतच पासाचे कलम घालून या लढ्याचा आरंभ केला पाहिजे. मालकाच्या मर्जीने मिळालेली सवलत त्याच्या मर्जीनेच काढून घेतली जाते. लढून मिळवलेला हक्क हिसकावणे तितके सोपे नसते.