नव्या भागावर साल कोरावे

१९६४ सालचे मॉडेल म्हणून अमेरिकेत पॉन्टिॲक जीटीओ आली. मसल कारचे युग अनेकजण तिच्यापासून मोजतात. योगायोग असा, की जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीची व्हेनिसची सनदही १९६४ चीच. तिचा दंडक स्पष्ट आहे: नवा भाग एकूण रचनेशी जुळावा, तरी मुळापासून वेगळा ओळखता यावा.

आज या मोटारींच्या स्वयंचलित गिअरबॉक्सला जादा कूलर जोडतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घुसळून तेल तापते आणि अति तापले की लवकर निकामी होते. मूळ गाडीत बहुधा रेडिएटरच्या टाकीतच त्याच्या गारव्याची सोय असे. ती अपुरी पडते म्हणून रेडिएटरपुढे दुसरा कूलर येतो. परभणीचा मे महिना सोसलेल्याला हे पटवावे लागत नाही. माझा आक्षेप कूलरला नाही. तो कारखान्यातूनच आला असे भासवण्याच्या अट्टहासाला आहे.

जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या मंदिरांत कोणी नवा दगड बसवून त्यावर जुनेपणाचा रंग चढवला, तर आपण गप्प बसू काय? मोटार हेही इतिहासाचे साधनच. कूलर खुशाल बसवा, नळ्याही जुन्या वळणाने वाकवा. मात्र पट्टीच्या मागल्या अंगास बसवल्याचे साल कोरा.