आजीला विचारले का?

आमच्या शाळेतील एक विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या सुटीत सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या निमित्ताने मॉरिशस बेटावर राहून आली. बेळगावात आपण वळवाची वाट पाहत होतो, तेव्हा तिकडे हिवाळा लागत होता.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून, उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांकडे तिचा मुक्काम होता. पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या तिने पाहिल्या. युनेस्कोने २००६ साली या घाटास जागतिक वारशाचे स्थान दिले. तेथील मराठी घरांतून आता बहुधा क्रिओल बोलली जाते. तरीही मुले शाळेत मराठी शिकतात आणि गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते.

एके सायंकाळी यजमानांच्या आजींनी जाखडीचे जुने गाणे म्हटले आणि म्हणाल्या, "आता तुझ्या घरचं एक म्हण, बाळ." मुलीला चित्रपटगीते येत होती, घरचे गाणे एकही येईना.

"सर, घरी आजी आहे, पण मी तिला कधी विचारलंच नाही," ती आम्हांस म्हणाली. आम्ही वरमलो. तीस वर्षे आम्ही मुलांकडून कवितांचे रसग्रहण लिहून घेतले. आजीच्या ओव्या लिहून आणावयास एकदाही सांगितले नाही.

तिच्या वहीत आता सात ओव्या उतरल्या आहेत. वाचकहो, ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी आजच वही काढावी.