पॉइंट बदला, बिडाचा मॅनिफोल्ड मात्र ठेवा

जुन्या पेट्रोल ट्रकचे इंजिन एकदा खाली उतरले की मालकाची यादी वाढत जाते. बोअर, पिस्टन, बेअरिंग यांवर फारसा वाद होत नाही. माप घेतले की निर्णय होतो. वाद होतो तो बाहेरून बसणाऱ्या दोन गोष्टींवर, इग्निशन आणि एक्झॉस्ट. अमेरिकेत १९५०च्या दशकातले शेवरोले पिकअप आजही हौसेने पुन्हा उभे केले जातात. त्यांत बहुतेक वेळा २३५ घनइंची, म्हणजे सुमारे ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असते. ते बांधताना दोन सुधारणा बहुधा जोडीनेच सुचवल्या जातात: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे आणि बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून वेगवेगळ्या नळ्यांचे हेडर लावायचे. माझे म्हणणे असे की ही जोडी फोडली पाहिजे. पहिली सुधारणा जरूर करावी, दुसरी करू नये, आणि हेडरसाठी बाजूला काढलेला पैसा सिलिंडर हेडमधल्या व्हॉल्व्ह सीटवर घालावा.

आधी पॉइंटची बाजू पाहू. सहा सिलिंडरचे हे इंजिन ३००० आरपीएमला चालते तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिनिटाला ९००० वेळा, म्हणजे सेकंदाला १५० वेळा उघडझाप करतात. त्यांच्यातली फट असते जेमतेम ०.४ मिलिमीटर. कॉइलचा करंट प्रत्येक वेळी याच टोकांवर तुटतो, त्यामुळे एका टोकाला खड्डा पडतो आणि समोरच्यावर धातूचा उंचवटा चढतो. कंडेन्सर बरोबर नसेल तर हे फारच लवकर होते. पण खरी झीज होते ती कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या ठोकळ्याची. तो जसजसा झिजतो तसतशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे सरकते. गाडी बंद पडत नाही, नुसता पिकअप थोडा जातो, आणि म्हणूनच मालकाच्या ते लवकर लक्षात येत नाही. इकडे उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहते, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती व्हॉल्व्हवर आणि मॅनिफोल्डवर पडते. नव्याने बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांत बसावेत म्हणून ते सुमारे वीस मिनिटे २००० आरपीएमच्या आसपास चालवतात. त्या वेळी टायमिंग फार मागे असेल तर मॅनिफोल्ड अक्षरशः लाल होतो. एक्झॉस्टचे आयुष्य असे इग्निशनवर अवलंबून असते, आणि दोन्हींचा विचार वेगवेगळा केला की पैसा नको तिथे जातो.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये शाफ्टवर चुंबकांचे एक कडे आणि पॉइंटच्या जागी एक सेन्सर असतो. घासणारे काही नाही, त्यामुळे टायमिंग एकदा लावले की तिथेच राहते. हा काही हौशी लोकांचा शोध नव्हे. अमेरिकेत प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि गाडीने ५०,००० मैलांपर्यंत ते पाळावेत असे बंधन आले, तेव्हा झिजणारे पॉइंट कंपन्यांनाच परवडेनासे झाले. जनरल मोटर्सने १९७५च्या मॉडेलांपासून आपल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले. मात्र किटकडून नको त्या अपेक्षा ठेवू नयेत. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये डुलत असेल, आतली वजने गंजून अडकली असतील किंवा व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल, तर किट त्यावर पांघरूण घालते, दुरुस्ती करत नाही. इंजिन उघडले आहे तोवर बुश नवे करून घ्यावेत. कॉइल जुनीच असेल तर प्लगची फटही जुन्या मापाचीच, ०.९ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. १९५५च्या सुधारित मॉडेलांआधीचे शेवरोले ट्रक सहा व्होल्टचे होते. त्यांना त्याच व्होल्टचे किट लागते.

याला एक रास्त आक्षेप आहे. पॉइंट हळूहळू बिघडतात आणि रस्त्याच्या कडेला कानशीच्या दोन फटक्यांत चालू होतात. मॉड्यूल गेले तर गाडी जागच्या जागी उभी. इंजिन बंद असताना चावी चालूच राहिली किंवा बॅटरी उलटी जोडली तर काही मॉड्यूल खरोखर जळतात. पण याला उत्तरही सोपे आहे. मूळ डिस्ट्रिब्युटर तोच राहतो, त्यामुळे पॉइंट आणि कंडेन्सर लावून ठेवलेली जुनी प्लेट गाडीत ठेवली की फीलर गेज आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर पुन्हा मूळ व्यवस्था उभी करता येते.

हेडरच्या बाजूने सांगितला जातो तो मोकळ्या श्वासाचा मुद्दा. वेगाने फिरणाऱ्या, मोठा कॅमशाफ्ट आणि मोठा कार्बोरेटर असलेल्या इंजिनात तो खरा आहे. ट्रकचे इंजिन मात्र आयुष्याचा बहुतेक काळ १५०० ते ३००० आरपीएममध्ये, ओझे ओढत घालवते. तिथे अडसर असतो तो कॅमशाफ्ट आणि पोर्टचा. इंजिनाला मागून दाब लागतो ही समजूतही चुकीची आहे; लागतो तो वायूचा वेग, आणि गरजेपेक्षा मोठ्या नळीत तोच मरतो. शिवाय या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्बोरेटरखालच्या इनटेकला जोडलेला असतो. गरम वायूने इनटेक तापवून पेट्रोलची वाफ करायची, अशी ती रचना आहे. उष्णतेची वेगळी सोय न करता हेडर लावले की ती ऊब जाते आणि थंड सकाळी इंजिन अडखळते. पातळ नळ्यांची उष्णता स्टार्टरला आणि प्लगच्या वायरींना बाधते, पॅकिंग पुन्हा पुन्हा फुंकते. बिडाचा मॅनिफोल्ड तडकला नसेल तर तो मशीनवर सपाट करून घ्यावा, त्यातली उष्णतेची झडप मोकळी फिरते का ते पाहावे, तुटलेले स्टड काढून नवे घालावेत. एवढे केले की पुष्कळ झाले.

वाचलेला पैसा सीटवर का घालावा, तर पेट्रोल बदलले म्हणून. शिसेयुक्त पेट्रोलमधले शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि बिडाची सीट यांच्यामध्ये पातळ थर धरत असे. तो गेला आणि ओझ्याखाली तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटून तिचे कण उपटू लागला. सीट खचली की टॅपेटची फट संपते, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. हलक्या वापराच्या मोटारीत हे वर्षानुवर्षे टळते, ट्रकमध्ये टळत नाही. हेड कोरून कठीण पोलादाच्या सीट दाबून बसवणे हे काम इंजिन उघडे असतानाच होते. आपल्याकडेही हा मुद्दा लागू आहे. जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात १९२८ ते १९५४ या काळात शेवरोलेच्या गाड्या आणि ट्रक जोडले जात, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो. त्यांतले जे उरले आहेत त्यांना २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि आता त्यात २० टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलला जाळायला १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट, म्हणजे जुन्या जेटवर इंजिन कोरडे चालते. जेट आणि रबरी नळ्या बदलाव्या लागतातच, पण अशा मिश्रणाला वेळेवर आणि न चुकता ठिणगी मिळणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे.

मूळपणाचा आग्रह धरणारे विचारतील, मग पॉइंट तरी का काढता? त्यांचा आग्रह मला मान्य आहे आणि माझा निष्कर्षही त्यातूनच निघतो. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक संघटनेची ट्युरिन सनद बदल उलट फिरवता येण्याजोगे आणि नजरेत न भरणारे असावेत असे सांगते. आपल्या २०२१च्या नियमांतही विंटेज नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातले आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेले हवे. टोपणाखालचे किट आणि हेडच्या आतली सीट बाहेरून दिसत नाहीत. हेडर बॉनेट उघडताच दिसतात, आणि ते लावताना काढलेला मूळ मॅनिफोल्ड बहुतेक वेळा भंगारात जातो. तो एकदा गेला की तसाच दुसरा, न तडकलेला शोधणे किती अवघड असते हे कोणताही जुना मिस्त्री सांगेल. तेव्हा इंजिन बांधायला देतानाच मालकाने लिहून द्यावे: बुश नवे, सीट कठीण, मॅनिफोल्ड मूळचाच, सपाट करून. आणि गाडी हातात आल्यावर ती काही वेळा तापून थंड झाली की मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, टायमिंग लाइट लावून पुन्हा तपासावे.