घरचें आरोग्य : जबड्याचा सांधा आणि नांवांचा घोळ

“तिला टी. एम. जे. झाला आहे,” असें हल्लीं सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतें. वस्तुतः हें रोगाचें नांवच नव्हे. तें सांध्याचें नांव आहे, आणि तो सांधा प्रत्येकास दोन्ही कानांपुढें जन्मतःच असतो. तेथें बोट ठेवून तोंड उघडावें, म्हणजे तो हलतांना जाणवतो. कानशिलाचें हाड व खालचा जबडा यांच्यामध्यें एक चिवट चकती असते. तिच्या योगानें जबडा फिरतो आणि पुढेंहि सरकतो.

विकारांस टी. एम. डी. म्हणतात. हाहि एक रोग नसून विकारांचा समूह आहे. स्नायूंचें दुखणें, चकती सरकणें व सांध्याची झीज हे त्यांतील प्रमुख प्रकार; पैकीं स्नायूंचें दुखणें अधिक आढळतें.

हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. इ. स. १९३४ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुई येथील डॉ. जेम्स कॉस्टेन यांनीं अकरा रोग्यांवरून असें प्रतिपादिलें कीं, दाढा गेल्यानें जबडा अधिक मिटतो व त्यामुळें कानाचीं दुखणीं उद्भवतात. विकारास त्यांचें नांव मिळालें, आणि नांवाबरोबर कारणहि गृहीत धरलें गेलें. पुढें ती उपपत्ति टिकली नाहीं. १९८३ मध्यें तेथील दंतवैद्यांच्या संघटनेनें कारणाचा उच्चार न करणारें आजचें व्यापक नांव स्वीकारलें.

यावरून घ्यावयाचा बोध असा : सांधा नुसता वाजतो, दुखत नाहीं, तर बहुधा उपचाराची गरज नसते. दुखत असल्यास मऊ अन्न, कोमट शेक व जांभई आवरणें हे उपाय प्रथम करावे. ओठ मिटले तरी दांत सुटे ठेवावे. पुष्कळांस एवढ्यानेंच उतार पडतो. निरोगी दांत घासणें वा काढणें हें मात्र पुन्हा भरून येत नाहीं. त्यास घाईनें संमति देऊं नये.

‘दांतखीळ’ या आपल्या शब्दांतहि असाच घोळ आहे. जखमेनंतर जबडा आवळून मान ताठली, तर तो धनुर्वात असूं शकतो. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. सुपारी खाणाऱ्याचें तोंड दिवसेंदिवस कमी उघडूं लागलें व तिखट झोंबूं लागलें, तर तो निराळाच विकार असून त्यांतून पुढें कर्करोगहि उद्भवूं शकतो.

सांध्याचें दुखणें स्त्रियांत अधिक आढळतें, आणि आपल्या घरांत तें मुकाट्यानें सोसलें जातें. एखादी सून एकाच बाजूनें चावून जेवत असेल, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं तिची आपण होऊन विचारपूस करावी, एवढीच आमची विनंती आहे.