गायकांची परिषद आणि तिचें प्रवेशमूल्य

नाशिकच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा स्वतः गीतें रचितो, स्वतःच चाली लावितो, माडीवरच्या खोलींत त्यांचें ध्वनिमुद्रण करितो आणि इंटरनेटवरून तीं लोकांस ऐकवितो. आतां त्यास संगीत-व्यवसायाच्या एका परिषदेस जावयाचें आहे. घरांतील वडील मंडळी म्हणतात, गाणें गुरूपाशीं शिकावें. परिषदेंत काय शिकणार? तरी अशा परिषदेंत होतें काय आणि तिच्यापायीं पैसे मोडावे कीं नाहीं, याचा खुलासा व्हावा.

वडील मंडळींची शंका अगदींच अनाठायीं नाहीं. 'संगीत परिषद' म्हटलें कीं आमच्यासारख्यांस आठवते ती १९१६ सालची बडोद्याची परिषद. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं पं. भातखंडे यांनीं ती भरविली. तींत रागांचीं स्वरूपें, श्रुति, स्वरलेखन यांचा खल झाला. भातखंडे स्वतः वकिलीची सनद घेतलेले. परंतु तेथें जमलेल्या कित्येक उस्तादांच्या योगक्षेमाची काळजी संस्थानांनीं वाहिलेली असल्यामुळें गवयास करारमदार वाचावयास शिकविण्याची निकड त्या वेळीं कोणास भासण्याजोगी नव्हती. आतां दरबार गेले. आजच्या गवयाचा आश्रयदाता म्हणजे कोठें तरी कानांत यंत्र घालून बसलेला अनोळखी श्रोता. आणि तो देतो तें द्रव्य गवयाच्या हातीं पडेपर्यंत मध्यें चार दारें ओलांडतें. तीं दारें कोणतीं, हें सांगणारी परिषद ती ही नवी परिषद.

तिचा एक चांगला नमुना अमेरिकेंत सांपडतो. डेरेक सिव्हर्स नांवाच्या एका वादकानें १९९८ सालीं स्वतःची तबकडी विकण्यासाठीं इंटरनेटवर एक लहानसें दुकान थाटलें. मित्र म्हणूं लागले, आमच्याही विकून दे. त्यांतून 'सीडी बेबी' ही पेढी उभी राहिली. दर तबकडीमागें ४ डॉलर दुकानाचे, बाकी सारे कलावंताचे, असा साधा हिशेब. २००८ सालीं ती २ कोटि २० लक्ष डॉलरांस विकली गेली, आणि ती रक्कम सिव्हर्स यानें संगीतशिक्षणासाठीं केलेल्या न्यासाकडे वळविली. नव्या मालकांच्या हाताखालीं याच पेढीनें २०१५ सालीं शिकागो येथें स्वतंत्र कलावंतांची परिषद भरविली. पुढें नॅशव्हिल व ऑस्टिन येथेंही तिचीं अधिवेशनें झालीं. ऑस्टिनमध्यें १९८७ पासून 'साउथ बाय साउथवेस्ट' हा मोठा मेळावा भरत आला आहे. त्याच्या सर्वांत वरच्या प्रवेशपत्रास अलीकडील वर्षांत हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागले आहेत. एवढें शुल्क ज्यास झेपतें, त्यास बहुधा त्या ज्ञानाची गरज नसते! उलट, सीडी बेबीच्या परिषदेचें मूल्य सामान्य वादकाच्या आटोक्यांत ठेविलेलें असे. यजमान व्यापारी होता, तेव्हां त्यांत त्याचाही स्वार्थ होताच. गिऱ्हाईक शहाणें झालें तर दुकान चालतें. आम्हांस त्यांत वावगें दिसत नाहीं.

आतां तेथें शिकवितात काय? गाण्यांत दोन मालमत्ता असतात, हा पहिला पाठ. शब्द आणि चाल मिळून एक. त्या चालीचें एके दिवशीं केलेलें ध्वनिमुद्रण ही दुसरी. आमच्या जुन्या भाषेंत सांगावयाचें तर जमीन निराळी आणि तीवरचें घर निराळें. नाशिकचा मुलगा दोहोंचाही धनी आहे. पण दोहोंचें भाडें एका वाटेनें येत नाहीं. ध्वनिमुद्रणाचे पैसे वितरक आणून देतो. शब्द व चाल यांचे पैसे स्वामित्वशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेकडे जातात, आणि तेथें नांव नोंदविलें नसेल तर तेथेंच पडून राहतात. ही पडून राहिलेली रक्कम किती असावी? अमेरिकेंत १ जानेवारी २०२१ पासून याच कामासाठीं कायद्यानें एक संस्था सुरू झाली. पुढच्याच महिन्यांत गाणीं ऐकविणाऱ्या कंपन्यांनीं, धनी कोण हें न जुळल्यामुळें सांचलेले सुमारे ४२ कोटि ४० लक्ष डॉलर तिच्या स्वाधीन केले! हे पैसे चोरीस गेले नव्हते. पुष्कळ ठिकाणीं रचनाकाराचें नांव, वांटा किंवा क्रमांक यांची नोंद अपुरी होती, एवढेंच.

दुसरीही एक गोष्ट अशा परिषदांत कानीं पडते. २०२४ पासून स्पॉटिफाय ही कंपनी, मागील बारा महिन्यांत निदान १,००० वेळां न ऐकिलेल्या ध्वनिमुद्रणास त्या खात्यांतून पै देत नाहीं. त्यामुळें 'हजार श्रोते आम्ही मिळवून देतों' असें सांगणाऱ्या भामट्यांची जाहिरात भोळ्या मुलांस खरी वाटते. असे खोटे श्रोते उघडकीस आले कीं वितरकास दंड होतो, आणि तो गाणाऱ्याच्या खात्यांतून वसूल होण्याचा संभव असतो. चिरंजीवांस हें आजच सांगून ठेवावें.

आपल्याकडे कायदा मागासलेला आहे असें नाहीं. १९५७ च्या कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत तिची बाजू मांडिली. तिच्यान्वयें गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वशुल्कांतील समान वांटा कायदेशीर वारस व स्वामित्वसंस्था यांखेरीज इतर कोणासही लिहून घेतां येत नाहीं. आय्‌पीआर्‌एस ही संस्था २०१७ पासून त्या दुरुस्त कायद्याखालीं नोंदलेली आहे. परंतु आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, दुरुस्तीच्या पुष्कळ आधीं, भावगीतांच्या बारा चाली एका कॅसेटवाल्यास एकरकमी देऊन टाकिल्या. त्याचें व्याकरण आमच्या वर्गांत पहिल्या प्रतीचें होतें. करारांतील 'कायमचे' या एका शब्दावर मात्र त्याची नजर ठरली नाहीं. त्या चाली आजही गणपतींत कानीं येतात.

भगिनींस आमचें उत्तर असें : मुलास जाऊं द्यावें, मात्र आधीं कार्यक्रमपत्रिका मागवावी. तींत कायदा, कर, नोंदणी यांवर बोलणारी माणसें असावींत आणि त्यांस समोर बसून प्रश्न विचारण्याची सोय असावी. नुसतीं प्रसिद्ध पुरुषांचीं भाषणें असतील तर तीं घरबसल्या ऐकतां येतात. शुल्क एका साध्या तंबोऱ्याच्या किंमतीहून अधिक असल्यास आम्ही नको म्हणूं. आणि परिषद म्हणजे 'परि' व 'सद्', भोंवतीं बसणें. तेव्हां ती मुंबईसच भरली पाहिजे असें थोडेंच आहे? जिल्ह्याच्या गांवीं संगीतमंडळाचें सभागृह सकाळीं रिकामेंच असतें. एक वकील, एक हिशेबनीस, एक ध्वनिमुद्रक आणि दहावीस गाणारीं मुलें एवढीं जमलीं तरी एका दिवसांत पुष्कळ काम होईल. नाशिकच्या मंडळींनीं असा घाट घातल्यास त्याची हकीकत आम्ही या पानावर आनंदानें देऊं.