फेसाचा मोह आणि पाण्याचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा परिसरात चुलीतील राख, चिंच आणि नारळाची शेंडी एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्या भांडी लख्ख होत आली. या रीतीस अडाणीपणा म्हणणे हाच खरा अडाणीपणा होय. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार तेलकटपणा सैल करतो. चिंचेतील आम्ल तांब्या-पितळेवरचा काळसर थर विरघळवते. घरोघरच्या गृहिणींनी अनुभवातून सिद्ध केलेले हे रसायनशास्त्रच आहे.

तथापि गतकाळाचे गोडवे गाऊन भागणार नाही. गॅस आला, राख सरली. शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे दुष्फेन झालेल्या पाण्यात साध्या साबणाचा साका होतो. पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई भासल्याने १९१६ मध्ये जर्मनीत कृत्रिम अपमार्जके तयार झाली. आजची भांड्यांची वडी त्याच वंशातली. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला; म्हणून तेल पाण्यासोबत वाहून जाते. या कामासाठी ढीगभर फेस लागत नाही.

फेस म्हणजेच स्वच्छता, हा समज जाहिरातींनी पोसला. फेस जितका अधिक, तितके विसळण्यास पाणी अधिक! शेजारच्या लातूरसाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, याचा विसर मराठवाड्याला परवडणारा नाही.

साबण जरूर वापरावा; मात्र आधी खरकटे पुसून, मग बेताने. राखेचे युग परतणार नाही, पण तिच्यामागची काटकसर प्रत्येक घराला जपता येईल.