काळी पडलेली रीड आणि बँडवाल्यांचा हिशेब

दिवाळी जवळ आली की आमच्या दुकानात बँडवाल्यांची ये-जा सुरू होते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, त्याआधी वर्दी शिवून तयार हवी असते. लाल-निळे टेरीकॉट, सोनेरी फीत, खांद्यावरचे गोंडे, फेट्याचे कापड असा माल आम्ही वर्षानुवर्षे विकत आलो आहोत. या धंद्यात आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी मालक आहे, कुणी मास्टर आहे, तर कुणी रोजावर वाजवणारा कारागीर आहे. म्हणून आज कापडाचे भाव बाजूला ठेवून आम्ही त्यांच्या एका लहानशा औजाराविषयी लिहीत आहोत. ते औजार म्हणजे क्लॅरोनेटची रीड. कुणी तिला पत्ती म्हणतात.

मागे एका मोसमात एक वयस्कर क्लॅरोनेटवाले मालकाबरोबर दुकानी आले होते. मालक फीत निवडत होते, तोवर चाचांनी चहा घेता घेता आपली पेटी उघडून दाखवली. माउथपीसला रीड तशीच आवळलेली होती. तिच्या टोकाला काळे-करडे ठिपके होते आणि कुबट वास येत होता. आम्ही विचारले, "चाचा, ही बदलत का नाही?" ते हसून म्हणाले, "शेठ, काळी पडली म्हणजे पिकली. आता कुठे सुरात आली आहे." बोलता बोलता त्यांना दोनदा खोकल्याची उबळ आली.

आम्ही वाजवणारे नाही, पण डाग ओळखणे हा आमचा रोजचा धंदा आहे. पावसाळ्यात ओल लागलेल्या ताक्यावर जे काळे ठिपके उठतात, तसेच ठिपके आम्हाला त्या रीडवर दिसले. त्या दिवसापासून आम्ही जाणत्या वाजवणाऱ्यांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

रीड ही एका बोरूसारख्या वनस्पतीची चीप असते. अरुंडो डोनॅक्स हे तिचे शास्त्रीय नाव. फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हार भागातील या बोरूला जगभर मान आहे. साधारण दोन वर्षे वाढलेला बोरू कापून वाळवतात, उन्हात तो सोनेरी होतो, मग त्याच्या चिपा तासतात. टोकाशी रीडची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. एवढ्या पातळ जिभेच्या थरथरीवर क्लॅरोनेटचा सगळा आवाज उभा असतो. ज्यांनी मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरोनेटवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या ऐकल्या आहेत, त्यांना तो आवाज किती गोड असू शकतो हे सांगायला नको.

डाग सगळे सारखे नसतात

आमच्या धंद्यात डाग पाहताच माल फेकणारा बुडतो आणि प्रत्येक डाग चालवून घेणाराही बुडतो. डाग आधी वाचावा लागतो. रीडचेही तेच आहे.

पहिला प्रकार जन्मजात डागांचा. नव्या रीडच्या सालीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात. ते बोरूचे अंगचे रंग आहेत. त्याने आवाज बिघडत नाही, अशी रीड दुकानदाराला परत करण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार वापराचा. लाळेने रीड पिवळी, मग तपकिरी होत जाते. त्यात चहा, पान, तंबाखू यांचा रंग उतरतो. हा रंग अपायकारक नाही, पण तो एक खूण आहे. टोकाचा भाग मळकट दिसू लागला आणि आवाज बसका येऊ लागला, की लाळ धाग्यांत मुरून रीड थकली असे समजावे. अशी रीड पिकलेली नसते, तिचे आयुष्य संपत आलेले असते.

तिसरा प्रकार बुरशीचा. काळे, करडे, हिरवट किंवा गुलाबी ठिपके, कापसासारखी लव आणि कुबट वास ही त्याची लक्षणे. ही रीड त्याच दिवशी टाकून द्यावी. सुती कापडावर बुरशी चढली की धुऊनही ठिपका जात नाही, कारण ती वरवर बसत नाही, धागाच खात आत जाते. रीडही वनस्पतीचाच धागा आहे. वरून खरवडून आतली बुरशी निघत नाही.

ही भीती घालण्याची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये बॅगपाइप वाजवणाऱ्या ६१ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत २०१६ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांना अनेक वर्षे खोकला आणि दम होता. २०११ मध्ये वाद्य घरी ठेवून ते तीन महिने ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा त्यांना आराम पडला, परतल्यावर त्रास पुन्हा वाढला. पुढे तपासणीत वाद्याच्या आत अनेक जातींची बुरशी सापडली. तोवर फुफ्फुसे निकामी झाली होती, २०१४ मध्ये ते वारले. म्हणून ज्या वाजवणाऱ्याचा खोकला हटत नाही, त्याने डॉक्टरला आपण तोंडाने वाद्य वाजवतो हे आवर्जून सांगावे.

खबरदारी काय घ्यावी

वाजवण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरावी. तोंडात पान-तंबाखू ठेवून वाजवू नये. रीड स्वच्छ पाण्यात मिनिटभर भिजवावी. नवी रीड पहिल्याच दिवशी तीन तास वरातीत जुंपू नये. आधी चार-पाच दिवस दहा-दहा मिनिटे वाजवून तिला सवय लावावी. एकीवरच सगळा भार न टाकता तीन-चार रीडी आलटून पालटून वापराव्यात. एका वाजवणाऱ्याची रीड दुसऱ्याने तोंडात घेऊ नये.

वाजवून झाले की रीड माउथपीसवरून काढावी, पाण्याने धुवावी, मऊ सुती कापडाने जाड बाजूकडून टोकाकडे टिपावी. उलट पुसले तर टोक फाटते. मग सपाट काचेच्या तुकड्यावर किंवा हवा खेळती राहील अशा डबीत सावलीत वाळवावी. उन्हात टाकली तर ती वाकते, चिरते. ओली रीड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करणे म्हणजे बुरशीला दावत देणे. खरे नुकसान पावसाळ्यात होते. लग्ने थांबतात, पेटी माळ्यावर जाते, रीड तशीच आवळलेली राहते आणि गणपतीच्या मिरवणुकीला पेटी उघडावी तर आत काळे रान माजलेले असते. पेटी ठेवण्याआधी सगळे कोरडे करावे. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत टाकल्या तरी फरक पडतो.

नुसता पिवळेपणा आणि मळ काढायचा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साईड चालते. त्यात दहा-पंधरा मिनिटे रीड ठेवावी, नंतर भरपूर पाण्याने धुऊन वाळवावी. येथे आमची एक ताकीद आहे. सुती कापड पांढरे करायलाही हेच रसायन लागते, पण प्रोसेसच्या कारखान्यात ते ३५ किंवा ५० टक्क्यांचे येते. ओळखीच्या कारखान्यातून बाटलीभर आणून वापराल तर हाताची आणि तोंडाची कातडी भाजेल. ब्लीचिंग पावडरही वापरू नये.

माउथपीस कोमट पाणी आणि सौम्य साबणाने मऊ ब्रशने धुवावा. काळा एबोनाइटचा माउथपीस उकळत्या पाण्यात घातला किंवा उन्हात ठेवला तर तो हिरवट-तपकिरी पडतो. हे एबोनाइटमधील गंधकामुळे होते.

खर्च कुणाचा?

आता मालकांशी दोन शब्द. अनेक ठिकाणी वर्दी मालकाची आणि रीड वाजवणाऱ्याच्या खिशातून, अशी रीत आहे. रोजावरचा माणूस मुलांच्या फीचा विचार करील की नव्या रीडीचा? तो काळी रीड घासून मोसम काढतो आणि तिला पिकली म्हणून स्वतःचे समाधान करून घेतो. चाचांचेही तेच होते. त्यांच्या छातीवरची फीत त्याच दिवशी आमच्याकडून नवी गेली, तोंडातली रीड जुनीच राहिली. त्या विक्रीत आमचा नफा झाला हे आम्ही कबूल करतो.

शिलाईच्या कारखान्यात सुई मालक देतो. तुटलेली सुई दाखवली की नवी मिळते. कुणी म्हणत नाही की कारागीर सुया विकून खाईल. तोच कायदा रीडला लावावा. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक क्लॅरोनेटवाल्याला चार रीडी आणि एक डबी द्यावी, खराब झालेली जमा करून नवी द्यावी. हा खर्च वर्दीच्या खात्यातून काढावा. गोंड्याची एक ओळ कमी झाली तर वरातीत कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण क्लॅरोनेट बेसूर झाले तर पुढची सुपारी दुसऱ्या बँडकडे जाते. आणि वाजवणारा खोकत खोकत घरी बसला, तर तसा हुनर असलेला माणूस मालकाला कुठे मिळणार?

यंदा वर्दीचे कापड घ्यायला जे मालक आमच्या दुकानी येतील, त्यांना आम्ही फीत दाखवण्याआधी हाच प्रश्न विचारणार आहोत. आमची विक्री थोडी घटली तरी चालेल.